हिरव्या साडीचा फॉल

९ फेब्रु., सोम.
टीबीच्या गोळ्यांचा तिसरा महिना. खोकला गेला, भूक आली. आमच्या मॅचिंगच्या दुकानात फॉल रचताना मरून आणि बॉटल ग्रीन एकाच फळीवर ठेवले. ह्यांनी हसत वेगळे केले. मी म्हटलं, आधी ती ट्यूब बदला. मेली सगळं मातकट दाखवते.

१२ फेब्रु.
नवी ट्यूब बसवली. फरक शून्य. टीव्हीवरची अक्षरंही पुसट. गोळ्या सुरू करताना डॉ. म्हणाले होते, डोळ्यांत काही वाटलं तर लगेच या. पण गोळ्यांनी लघवी केशरी झाली तेव्हा अशीच धावले होते, त्यांनी हसून परत पाठवलं. सारखं काय जायचं... आणि त्यांनी गोळ्याच बंद केल्या तर?

१६ फेब्रु.
आज पार अब्रू गेली. मागच्या गल्लीतल्या अक्कांना शनिवारी हिरव्या साडीवर फॉल दिला होता. नेहमीसारखा दारात उन्हात नेऊन, साडीवर ठेवून, स्वतः बघून. आज त्या साडी घेऊन आल्या, फॉल बाहेरून शिवून आलेला.
"हाई ते लाल शे व माय. तुले दिसस नई का?"
हळूच बोलल्या, पण दुकानात गिऱ्हाईक होतं. मी साडी बघितली, फॉल बघितला. दोन्ही एकच. अख्खं धुळं माझ्या नजरेवर रंग नेतं, आणि मला लाल-हिरवं कळेना. ह्यांना मागच्या खोलीत नेऊन सांगितलं. रागावले नाहीत. तेच जास्त लागलं.

१७ फेब्रु.
डॉ. मात्र रागावले. इतके दिवस कशाची वाट बघत होतात? डोळ्यांच्या नसेला त्रास देणारी एक गोळी असते, ती त्यांनी आजपासून बंद केली. "बाकीच्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. मनाने काही सोडायचं नाही."
डोळ्यांच्या डॉ.कडे ठिपक्यांचं पुस्तक. ठिपक्यांत आकडे असतात म्हणे. ह्यांना दिसले. मला नुसते ठिपके. परत दिसेल का? ते म्हणाले, बहुतेकांचं सुधारतं, वेळ लागतो, तुमचं आत्ता सांगता येणार नाही. रिक्षात रडले.

२३ फेब्रु.
बाकीच्या गोळ्या वेळेवर. दुकानात रंग आता हे बघतात. ह्यांना मोरपंखी न् रामा एकच. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मी घड्या घालत बसते. चिडचिड नुसती.
सकाळी कुंकू लावलं. आरशात मातीचा डाग. ह्यांना विचारलं, लालच आहे ना?
"लालच आहे."
तसंच ठेवून दुकान उघडायला गेले.