एकट्यानेच जायचं कलम

४ मार्च १९५१, रविवार
घाटकोपरच्या आमच्या चाळीच्या भाडेकरू संघाचा अध्यक्ष झालो. टाळ्या पडल्या. झकास! यंदा आमच्याच खोलीची पाळी होती, पण ते जाऊ दे.
संध्याकाळी मावळता अध्यक्ष सहदेव येऊन सांगून गेला. नळाचं गाऱ्हाणं घेऊन घरमालक चौबळांच्या बंगल्यावर अध्यक्षाने एकट्याने जायचं असतं. तसा संकेत आहे. गेल्या वर्षी त्यांच्या टायगर कुत्र्याने त्याचं धोतर फाडलं. चावलेली पोटरीही दाखवली.
एकट्याने जाणं मला मान्य नाही. भीतीने नव्हे. प्रश्न तत्त्वाचा आहे.

६ मार्च
नळ कोरडा. बायको, उत्तरा, विहिरीवरून पाणी आणते आणि माझ्याशी बोलत नाही. सॉलिसिटरच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे मी. संघाची घटना मीच लिहिली. पुन्हा चाळली. एकट्याने जाण्याबद्दल अवाक्षर नाही! सुटलो. म्हणजे, मुद्दा सिद्ध झाला.

११ मार्च, रविवार
सभेत फर्डं बोललो. संकेत म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत अध्यक्षाने दोनदाच निवडून यायचं असा पिढ्यान्‌पिढ्यांचा संकेत. एकाने मोडला, चारदा निवडून आला. कोणी काय वाकडं केलं?
शेजारच्या वनमालाबाई रोज पेपर वाचतात. म्हणाल्या, अहो, म्हणूनच तर अमेरिकेने गेल्या महिन्यात घटनादुरुस्ती करून तो संकेत लिहूनच टाकला. आपणही टाकूया की!
घाबरायचं कारण नाही. दुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात. जिना झाडायच्या नियमालाही तेवढी माणसं जमली नव्हती.

१४ मार्च
मसुदा कोण करणार? कायदा कळतो एकट्या मला. नाही कसं म्हणू? 'अध्यक्षाने स्वतः, एकट्याने, आठवड्याच्या आत, सबब न सांगता जावे. तत्पूर्वी राजीनामा देता येणार नाही.' एकही पळवाट नाही. असं ड्राफ्टिंग आमच्या साहेबांनाही जमायचं नाही.

१८ मार्च, रविवार
वाट लागली. अख्खी चाळ हजर. दुरुस्ती एकमताने मंजूर. एकमताने, कारण मीही हात वर केला. मसुद्याचं एवढं कौतुक चाललं होतं.

२४ मार्च
ताप आल्यासारखं वाटतंय. पण 'सबब न सांगता'. राजीनामाही बंद. कशाला एवढं बारीक लिहिलंस रे मार्तंडा! भीती वाटते. फार वाटते.

२५ मार्च, सकाळी
खाली सगळे रिकाम्या बादल्या घेऊन उभे. सहदेवने जखमेवर लावायच्या टिंक्चरची बाटली आणून दिली. उरलं तर परत दे म्हणाला.
उत्तरा आज स्वतःहून बोलली. विचारलं, धोतर कुठलं काढू?
जुनं काढ म्हटलं.