आजोबांचा गुडघा

खाण, ४ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
आयपिलीचा शि. सा. न.

म्हणे बर्फावर घसरले! मागच्या पत्रातही हीच थाप होती. डावा गुडघा सुजून टम्म झालाय, काकीनं कळवलंय मला. पंधरा वर्षांची धाकटी बहीण तू माझी. गेलेल्या आजोबांचं ऊलायुक हे नाव तुला ठेवलं, नावाबरोबर तेच परत आले असं आपण मानतो, म्हणून आजोबा म्हणतो, नमस्कारही घालतो. पण उत्तरेच्या खेळांत उंच टांगलेल्या चेंडूला लाथ मारून त्याच पायावर उतरायचं, तर पाय धड नको? प्रशिक्षकाला सांग, नाहीतर मी सांगतो.

लोभ गोठू देऊ नका.
तुमचा नातू,
आयपिली

पांगनिर्तुंग, १५ फेब्रुवारी

चि. आयपिलीस,
ऊलायुकचे अनेक आशीर्वाद.

आजोबांना धमक्या देतोस? गप्प बस, असंच लिहिणार होते. आजी मला अजून अहो म्हणते. डोळ्यांना अंधुक दिसतंय तोवर तुमचा पाय एकदा चेंडूला लागलेला बघू द्या, म्हणायची. तिला कसं नाही म्हणायचं?

पण परवा सीलचं मांस कापता कापता तिचा हात थांबला. अहो, पाऊल असं का वाजतंय, म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. तर रडायलाच लागली. त्या दिवशीही काही नाहीच म्हणालात, दुखऱ्या पायानं शिकारीला गेलात, आणि बर्फावरून परत आले ते नुसते कुत्रे, म्हणाली.

मी प्रशिक्षकाला सांगितलं. संघातली माझी जागा राखीव मेकाला गेली. तिचा पाय माझ्यापेक्षा वीतभर खालीच पोचतो. आजी शांत झालीय. मी नाही.

आजोबांवर माया ठेव.
ऊलायुक

खाण, २ मार्च

ती. आजोबांस,
शि. सा. न.

पत्र दोनदा वाचलं. मी उगाच ओरडत बसलो, आजीला नुसत्या पावलांवरून कळलं. उतरताना तोल कसा धरायचा, ते मेकाला दाखवलंस का? नसेल तर आजच जा. समोरच्याला शिकवून मग त्याच्याशी खेळायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत, मिशीवाले होतात तेव्हा.

संघानं नेलं नाही तर नाही. आजीला घेऊन इकालुइटला खेळ बघायला जा. पुढे बसवा तिला. रडू आलं तर तिच्याच खांद्यावर रडा, लाजू नका.

आजीला माया, तुमच्या गुडघ्याला शेक.
आयपिली

ता. क. परतीची तिकिटं आधी काढा. या खेपेला तिचा नवरा घरी परत यायला हवा. स्नोमोबाइलसाठी साठवलेले सगळे पाठवतोय, बाराशे डॉलर.