दादाचं देणं खुशबूकडे जाऊ नये म्हणून

मी, सत्यभामा शंकर नंदेश्वर, वय ४६, अविवाहित, सहायक ग्रंथपाल, राहणार सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचं डॉक्टरांनी कालच लिहून दिलं. मन शांत आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. कोणी मला भाग पाडलेलं नाही. सोमवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे, म्हणून घाई.

१. माझे थोरले बंधू हिरालाल दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात वारले. बिल मोठं राहिलं होतं. शव मिळावं म्हणून एका कागदावर मी सही केली. कशावर केली, ते घरी येऊन वाचलं: हमीदार. वाचल्याशिवाय सही करू नका, असं गावाला सांगत फिरणारी मी.

२. आमच्याकडे माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या सभेत घरातलं कोणीतरी उभं राहून विचारतं, गेलेल्या माणसाकडे कोणाचं काही राहिलं असेल तर सांगा. फक्त विचारायचं असतं. मी म्हणाले, "दादाचं जे काही असेल ते माझं." हे दादासाठी बोलले, की शिकलेली बहीण कशी असते हे सभेला दाखवायला? त्या दिवशीच्या डायरीत एवढंच आहे: बोलले, बरं वाटलं.

दवाखान्याची नोटीस आली तेव्हा ती घेऊन मी रितावहिनीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमीच बोलल्या ना सभेत, बाई? मंग मले काहून दाखवता?"

तिचं खरं होतं. वकील म्हणाले, मी सही केली नसती तर दादाचं देणं त्याच्या मालमत्तेपुरतंच राहिलं असतं. म्हणजे अर्धा एकर धानाची बांधी. ती वाचली. त्या बांधीचा तांदूळ वहिनीने मला एकदाही पाठवला नाही. हे वाक्य खोडणार होते, राहू देते.

३. अजून एक लाख नव्वद हजार बाकी आहेत. माझं दोन खोल्यांचं घर मी दादाची मुलगी खुशबू हिला देते. पण घराबरोबर ते देणंही फिरून दादाच्याच लेकीच्या दारात जाईल, या विचाराने मला झोप नाही. म्हणून आधी माझ्या भविष्य निर्वाह निधीतून ते फेडावं. कमी पडल्यास स्कूटी आणि पाटल्या विकाव्यात. पावती हातात आल्यावरच घर खुशबूच्या नावे करावं. हे काम खाली साक्षीदार असलेल्या पुंडलिकरावांनी पाहावं.

४. ज्या सायकलवरून दादा मला कॉलेजच्या एसटीपर्यंत सोडायचा, ती वहिनीकडेच राहावी. मी ती मागितली होती. मागणी मागे घेते.

५. काल भंडाऱ्याच्या दवाखान्यात नाव नोंदवायला खुशबू सोबत आली. फॉर्मवर "जबाबदार व्यक्ती व हमीदार" असा रकाना होता. मी त्यात माझंच नाव लिहिलं. खिडकीवरची बाई म्हणाली, "म्याडम, पेशंटचं नाही, मागं राहणाऱ्याचं लिवा."

खुशबूने पेन काढून घेतला. "मी आहो ना, आत्या. दे इकडं."

"नको. उद्या पाहू."

ती ऐकेना. मागे रांग कुरकुरत असताना तिने फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझं नाव आणि 'हमीदार' हा शब्द खोडला, 'भाची' लिहिलं आणि सही केली. म्हणाली, "वाचूनच सही करायची, तूच सांगते ना?"

बाईने फॉर्म ठेवून घेतला. अशी खोडाखोड चालते का, हे वकिलांना विचारायचं राहिलं. चालत नसेल तर ती सही माझ्यामुळे झाली असं समजावं, आणि माझ्या दवाखान्याचंही जे निघेल ते कलम तीनप्रमाणेच, माझ्याच पैशातून द्यावं.

६. माझ्या पुण्यानुमोदनाला खुशबूने उभं राहावं. कोणाचं काही राहिलं आहे का, विचारावं. उत्तर ऐकून घ्यावं. आणि काही न बोलता खाली बसावं.

सही: सत्यभामा शं. नंदेश्वर

आमच्यासमोर त्यांनी वाचून, मग सही केली:
१. पुंडलिकराव रामटेके, निवृत्त शिक्षक
२. मंगेश लांजेवार, ग्रंथालय शिपाई

सानगडी, शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५