तीन बंदरांची सफर

प्रिय दादा,

तू पाठवलेली दोन तिकिटं मिळाली. बाबांना सफर घडवून आणली, आणि तुझ्या माणसांनी आमची बडदास्तही छान ठेवली. एवढंच लिहून पत्र संपवलं असतं तर तुला किती बरं वाटलं असतं! तू धक्क्यावर भेटशील म्हणून बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं तुझ्या ऑफिसातल्या मुलीने सांगितलं. बाबा लगेच म्हणाले, असणारच, व्याप काय थोडा आहे त्याचा? एकोणीस वर्षांनी बाप गावात पाऊल ठेवतो, मुलाची मीटिंग काही संपत नाही, आणि बाप कौतुक करतो ते मीटिंगचंच.

गाव आता ओळखू येत नाही. तीन बंदरं, अडीच तास, चहासकट, असं तुझ्या पाटीवर लिहिलंय. पहिलं प्रवासी बंदर, काचेच्या प्रतीक्षालयाचं. तिथे बाबांनी नुसती मान डोलावली. दुसरं श्रीमंतांच्या पांढऱ्याशुभ्र नौकांचं. तिथे मात्र सहा नौकांचे दोर चुकीच्या गाठीने बांधलेत म्हणून ते चुकचुकत राहिले. बंदरावरची नोकरी गेली तरी डोळा गेलेला नाही. आणि तिसरं आपलं जुनं बंदर. मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये कॉफीचं दुकान झालंय. बावट्याच्या खांबाला नवा रंग दिलाय आणि फोटोसाठी त्याच्यावर रंगीत पताका सोडल्यात. बाबा टोपी काढून उभे राहिले.

तेवढ्यात तुझ्या गाइडने माइक तोंडाशी धरला. या खांबावर म्हणे पूर्वी वादळाचा बावटा चढवायचे. एकदा इथला बावटेवाला दारू पिऊन तर्र झाला आणि त्याने वादळ यायच्या आधीच बावटा उतरवला. सहलीची लाँच बाहेर पडली, उलटली, चार माणसं गेली. म्हणून मंडळी, आमच्या बोटीवर दारूला सक्त मनाई! सगळे हसले. बाबाही हसले, दादा. न हसणाऱ्या माणसाकडे कुणीतरी वळून पाहील, ही त्यांना भीती. उतरताना ते गाइडजवळ गेले आणि हळूच म्हणाले की तो माणूस पीत नसे. गाइड बिचारा सभ्य होता. म्हणाला, आजोबा, साहेबांनी स्वतः लिहून दिलंय, तेवढंच मी बोलतो.

चौकशीच्या कागदांत दारूचं नाव नव्हतं. ती तू घातलीस. बापावर खापर फुटलंच होतं, त्यावर हा तुझा वरचा मसाला!

मी अकरा वर्षांची होते, पण ती दुपार मला तासासकट आठवते. मी बाबांचा डबा घेऊन गेले होते. आभाळ स्वच्छ होतं, वारा पडलेला होता. अशा वेळीच लोकांना वाटतं की हवामानखात्याला वेड लागलंय. बावटा चढवील त्यानेच तो उतरवायचा, आणि तोही हवामानखात्याचा फोन आल्यावर, हा नियम. दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून बाबा दोराला स्वतःची एक गाठ मारायचे. ती सोडवायला त्यांनी फक्त तुला शिकवलं होतं, केवढ्या अभिमानाने! बाबा मागच्या खोलीत जेवायला बसले. मी तांब्या भरायला बाहेर आले, तर तू खांबापाशी, हातात बावट्याचा दोर. तुझी हॉटेलातली नोकरी नवी होती, बावट्यामुळे पाहुणे लाँचमध्ये खोळंबले होते. तू ओठांवर बोट ठेवलंस आणि हसलास. मला वाटलं, दादा बाबांची गंमत करतोय. मीही हसले.

दोर कापलेला नव्हता, गाठ सोडवलेली होती. त्यामुळे कुणा परक्याचं नाव घ्यायची सोय बाबांना उरली नाही. मीच उतरवला, चूक झाली, असं ते म्हणाले. चौकशीला आत जाण्याआधी दारात त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि काय बोलायचं ते पढवलं. मी तसंच बोलले, की बाबांना उतरवताना मी पाहिलं. तू बाकावर मूग गिळून बसला होतास. नंतर लाँचच्या चालकाची बायको आमचं दार दिसलं की तोंड फिरवायची. शेवटी आम्ही गाव सोडलं, बाबा गोदामावर पहारा करू लागले. तू राहिलास, आणि मोठा झालास. या सगळ्यात एकदा तरी तू बाबांना विचारलंस का रे, की जेवण जातं का?

सफरीनंतर तीन दिवस मी धुमसत होते. मग बुधवारी बंदर कचेरीत जाऊन सगळं लिहून दिलं, माझ्या खोट्यासकट. घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं होतं, रडतील, निदान सुटल्यासारखा श्वास सोडतील. ते माझ्याशी बोलायचेच बंद झाले. पाणीसुद्धा स्वतः उठून घेतात. आणि आज बंदर कचेरीतल्या अधिकाऱ्यांचा फोन आला. बाबांनी माझ्या नकळत टपालाने पत्र पाठवलंय: मुलगी तेव्हा लहान होती, तिचं भावाशी वाकडं आहे, तिच्या म्हणण्यावर जाऊ नये, बावटा मीच उतरवला. अधिकारी म्हणाले, दोन जबाब एकमेकांना खोडतात, प्रकरण पुन्हा बंद करावं लागेल, तिसरं कुणी पाहिलेलं असेल तरच काही करता येईल. मी त्यांना म्हटलं, आहे एक माणूस, आठ दिवस थांबा. बापाने दुसऱ्यांदा तुझा अपराध पोटात घातलाय, दादा. माझ्या शब्दाला आता किंमत नाही आणि त्यांना स्वतःच्या नावाची पर्वा नाही. राहिलास तू एकटा. कचेरी तुझ्या ऑफिसपासून चार पावलांवर आहे. जा, आणि बाबांना ऐकू येतंय तोवर सांगून टाक.

अजूनही तुझीच,
धाकटी