आबांचं नाव आणि तीस रुपये

सास्तूर,
ता. २२ मार्च

तीर्थरूप म्हाळसाअक्कांना धाकट्या भागवतचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? मी ज्यावर लिहितोय ते टेबल, बुडाखालचं स्टूल, डोक्यावरचा पंखा (सायकलची रिम, पत्र्याची तीन पाती) आणि या पत्राचं पाकीट खळीसकट, सगळं मी स्वतःच्या हातानं केलेलं आहे, कुणाकडंही न शिकता. टेबल पाव इंच डुगडुगतं. तो फरशीचा दोष आहे.

लिहिण्यास कारण, आबा जाऊन चौदा वर्षं झाली तरी रानातल्या वस्तीवरचं लाईटबिल त्यांच्याच नावावर थकलेलं आहे. घर पडलं, तार काढून नेली, राहिली ती बाकी: दोन हजार आठशे साठ. वर महिन्याला एकोणतीस रुपये व्याज. मी दर महिन्याला लोहाऱ्याला जाऊन तीस भरतो, म्हणजे रुपया फिटतो. (या चालीनं दोनशे अडतीस वर्षं चार महिने लागतील. मुद्दल घटेल तसं व्याजही घटेल हे मला ठाऊक आहे; तेवढा हप्ता मीही घटवीन.) कडूबाई म्हणते, "तीस रुपये भराया चाळीस यष्टीला घालता, अन् माझ्या चपलेला टाच न्हाय!" तिचं गणित बरोबर आहे. पण तिनं ती रांग पाहिलेली नाही.

अक्का, काउंटरवरच्या सृष्टी मॅडम पैसे घेण्याआधी मोठ्यानं नाव वाचतात: धुळाप्पा बिरप्पा, सास्तूर! मी व्हय म्हणतो. गावात आता आबांना नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून असेल, पण तेवढ्यात आजूबाजूचा गलका विरघळून जातो. वस्तीवरचा चाळीसचा बल्ब लागतो. आबा खांद्यावरची घोंगडी सावरून बल्बला हात जोडतात, मेंढरं उजेडाकडं तोंड करून सावकाश रवंथ करतात, आणि तुम्ही चुलीपुढून ओरडता, आबा, आता बंद करा, बिल येतंय. (तुमचं ऐकलं असतं तर बाकी राहिलीच नसती. असो.) मागचा माणूस ढकलतो तेव्हा माझ्या हातात नुसती पावती असते.

यंदा सवलत आली आहे: निम्मे भरा, निम्मे माफ, मुदत एकतीसपर्यंत. कडूबाईनं वर्षभराच्या अंड्यांचे पैसे माझ्या खिशात घातले, वर सेफ्टी पिन लावली (ती विकतची) आणि सोमवारी मला पाठवलं. मी रांगेत उभा राहिलो. नाव पुकारलं गेलं. घरी येऊन काम झालं म्हणालो. कोणतं, ते तिनं विचारलं नाही. तिनं शिरा केला.

आपला,
भागवत

ता. क. पत्र गौरीशंकर दूधवाल्याच्या हाती माकणीला पाठवतोय, कारण पाकिटात चौदाशे रुपये आहेत. (तीस भरले. पावती माझ्याकडं आहे.) एकतीस तारीख उलटेपर्यंत ते कडूबाईच्या नजरेला पडता कामा नयेत. मग त्यातून तिला चपला घ्या, तुमच्याकडून म्हणून. पायाचं माप या पत्राच्या मागं काढलंय, सुतानं मोजून.

आणखी ता. क. एक तारखेला लोहाऱ्याला या. रांगेत माझ्या पुढं उभ्या राहा. नाव पुकारलं की या खेपेला व्हय तुम्ही म्हणा.

राहिलंच. मॅडम म्हणाल्या होत्या, काका, एकदम भरा, खातं बंद होईल, नाव कायमचं कमी होईल. मी नको म्हणालो. त्या नकोची रक्कम रुपये १,४३०, अक्षरी एक हजार चारशे तीस फक्त.