ओटिएनोची कुबडी

उल्हासनगर कॅम्प १
सप्टेंबर २००६

प्रिय विनू,

सलाम, आणि छकुलीला पापा. गोळ्यांचा विषय काढला की तू फोन ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. पत्रही बाजूला ठेवता येतं म्हणा, पण तू कुणाचं पत्र अर्धं टाकलेलं मला आठवत नाही. लहानपणी तर शेजाऱ्यांचीसुद्धा वाचायचीस.

केनियाहून आले ती तापानेच पडले, त्यामुळे पास्टर हेमचंद्रांनी अंबरनाथच्या चर्चमध्ये दिलेली साक्ष मला ऐकायला मिळाली नाही. ती मी तुझ्याच तोंडून ऐकली. लंगडा चालू लागला, अख्खं गाव तारलं गेलं. सांगताना तू रडत होतीस आणि मला हसू आवरत नव्हतं. अगं, पेटी वाजवायला म्हणून त्यांनी मला नेलं होतं, आणि पेटीवाली व्यासपीठाला खेटून बसते. मी सगळं पाहिलंय.

आमच्या त्या सेवेचं काय सांगू! विमानात बसल्यापासून अंधारातल्या लोकांना प्रकाश दाखवायच्या गोष्टी चालल्या होत्या. किसुमूजवळच्या त्या गावात उतरलो, तर त्यांचं चर्च आपल्या दुप्पट, पणजोबांच्या वेळचं. त्यांच्या बायका गायला लागल्या तेव्हा आमच्या मंडळींनी गुपचूप गाण्यांच्या वह्या मिटल्या. तरी पास्टरांनी त्यांना टाळ्या कधी वाजवायच्या ते शिकवलंच. गरिबांना वाटायला आम्ही कॅम्पातून जीन्सचे गठ्ठे नेले होते. रविवारी ते गरीब कडक इस्त्रीचे सूट घालून हजर, आणि आमचे पुरुष चुरगळलेल्या टी-शर्टात. त्या लोकांनी आमच्यासाठी कोंबड्या कापल्या, मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा वाढला. आमच्यांनी नाकं मुरडली आणि खोलीत जाऊन ठेपले-लोणचं खाल्लं. मग त्यांच्यासाठी प्रार्थना, की प्रभू, यांना देणारं मन दे. मला तर तोंड दाखवायची लाज वाटत होती.

आमच्यातल्या बनूबाईंना मात्र ठेपलेही सोसले नाहीत. पोट असं बिघडलं की उठवेना. पास्टरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनेने बरं केलं असेल असं तुला वाटेल. त्यांनी गाडी मागवली. बनूबाईंना शहरातल्या हॉस्पिटलात सलाईन लावलं आणि मी बाहेर बाकावर बसले. तिथेच ओटिएनो भेटला, गावच्या चर्चचा माळी. झाडावरून पडून त्याचा पाय मोडला होता. माझ्यासमोर डॉक्टरांनी त्याचं प्लास्टर कापलं आणि इंग्रजीत बजावलं, हाड जुळलंय, उद्यापासून कुबडी सोडून चालायचं. परत येताना तो आमच्याच गाडीत होता. दुसऱ्या दिवशी सवयीने कुबडी घेऊन सभेला आला. पास्टरांनी ती हिसकावली आणि ओरडले, चाल! तो चालला. चालणारच की. भराभर फोटो निघाले. ती कुबडी आता आपल्या चर्चच्या भिंतीवर टांगली आहे म्हणे. माझ्या मते ती सरळ सरळ चोरी आहे.

आणि त्याच दिवशी जेवणं झाल्यावर हेच पास्टर आम्हाला ओळीत उभं करून मलेरियाच्या गोळ्या वाटत होते, रोजच्यासारखे. कुणी चुकवली तर चारचौघांत झापायचे. त्यांची स्वतःची डायबेटिसची गोळी वेगळी, ती खिशातल्या स्टीलच्या डबीत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. डासाला भिणारा हा माणूस तुला भर सभेत सांगतो की गोळी घेणं म्हणजे अविश्वास, आणि तू दोन वर्षं एकही फिट न येऊ देणाऱ्या गोळ्या कचऱ्यात टाकतेस. त्यांची मला कीव येत नाही, किळस येते. तुझा राग येतो, कारण तू माझी आहेस.

काल तुझा दिपेश कुळगावहून आला होता. चहाही घेतला नाही. परवा तुला फिट आली ते तुला माहीत आहे. शुद्धीवर आलीस तेव्हा छकुली पाळण्यात झोपली होती, म्हणून तुला वाटलं की तिला न्हाऊ घालून झालं होतं. झालं नव्हतं. शेजारच्या ठमाबाई विरजण मागायला आत आल्या तेव्हा ती टबात पालथी होती. त्यांनी तिला उचललं, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे ती रडली. तू खचशील म्हणून तुला कुणी हे सांगितलं नाही. दिपेशला अजून धीर होत नाही, म्हणून मी सांगते आहे. विनू, प्रार्थना मीही रोज करते, ती सोड असं मी कधीच म्हणणार नाही. पण दिपेश तुला डॉक्टरांकडे न्यायला निघेल तेव्हा गुमान जा, आणि ते देतील ती गोळी घे. तोवर पोरीला एकटीने न्हाऊ घालू नकोस.

तुझीच,
अंजनी मावशी