ब्राम्सचा उर्दू तर्जुमा

बीड, सोमवार, ११ जानेवारी १९१५
सकाळी पोलिसांचा अमीन आला. दोन शिपाई बरोबर. जोडे न काढता थेट पियानोपाशी. माझ्या स्वरलिपीचे तिन्ही गठ्ठे बांधून नेले. शोपाँ, शूमान, ब्राम्स, आणि डेब्यूसीची चार पानं. सगळं.

कारण काय, तर सिस्टर आगाथांनी मला पाठवलेला लिफाफा. टपालात फोडला गेला, मला दाखवलासुद्धा नाही. सि. आ. जर्मन. जंग सुरू झाल्यापासून इंग्रजांच्या नजरकैदेत. कॉन्व्हेंटात अकरा वर्षं मला पियानो शिकवला, हा तिचा गुन्हा.

अमीन म्हणाला, "बाईसाहेब, ही पाच तारा आन् त्यावर ठिपके, ही कोणची लिखावट हाय?"
"संगीत आहे."
"संगीत कागदावर कावून लिहिता? आमच्या उस्तादांना कधी कागद लागला न्हाई."
"तुमच्या उस्तादांना एका वेळी आठ सूर दोन हातांनी वाजवायचे नसतात."
"म्हंजी दोघांची बातचीत हाय."
जोडे काढून या, एवढंच म्हणाले. तोवर तो अंगणात पोचला होता.

मंगळवार, १२
कचेरीत गेले. जिल्ह्याचे तालुकदारसाहेब अदबीने बोलले, चहा मागवला. मी घेतला नाही. मग चूक लक्षात आली, दोन घोट घेतले.

निजामाचा कायदा असा. अनोळखी लिपीतला कागद उर्दू तर्जुम्याशिवाय परत मिळत नाही. तर्जुमा, लेखकांची यादी (दोस्त मुलखाचे कोण, दुश्मन मुलखाचे कोण), आणि आत संगीताशिवाय काही नाही अशी माझी सही. मुदत २१ तारीख. नाहीतर जाळणार.
"मुंबईहून नवे मागवा की," साहेब म्हणाले.
मिळतील नवे. सि. आ.ची निळी पेन्सिल त्यांवर नसेल. कुठलं बोट कुठे, कुठे श्वास घ्यायचा, कुठे 'मूर्ख मुली, हळू'. अकरा वर्षांची पेन्सिल. हे मी साहेबांना सांगितलं नाही. रडू आलं असतं, आणि ते त्यांनी उर्दूत लिहून घेतलं असतं.

गुरुवार, १४. संक्रांत.
यादी केली.
डेब्यूसी: फ्रान्स. दोस्त.
शोपाँ: पोलंड. हा देश नकाशावर नाही. काय लिहू? 'मुल्क नदारद' लिहिलं.
शूमान, ब्राम्स: जर्मन. मयत. एकाला साठ वर्षं होत आली, दुसऱ्याला सतराअठरा.
कारकुनाने विचारलं, "मयत झाले तरी दुश्मनच ना?" मी म्हटलं, कबरीत जाऊन विचारा.

कोंडाबाई, माझी स्वयंपाकीण, तिळगूळ वळता वळता म्हणाली, "बाई, त्या दोघांची नावं फाडून टाका. वर त्या दोस्ताचं नाव घाला. हितं कोणाला कळतंय?"
"मला कळतंय."
"तुमाला कळून काय उपेग हाय? वह्या तुमच्याच जळत्यात."
खरं आहे. म्हणूनच जास्त राग आला. तिला लाडू जास्त गोड झाल्याचं सांगितलं. झाले नव्हते.

शुक्रवार
जुम्मा, कचेरी बंद. काही नाही. पियानोवर झाकण घालून बसले.

शनिवार, १६
मुन्शीजी आले. तर्जुम्यासाठी कचेरीने नेमलेले. साठीचे, पांढरी दाढी, मराठी स्वच्छ. गठ्ठे लाखेची मोहर लावून आणले, बरोबर पहाऱ्याला एक शिपाई. मी वाजवायचं, त्यांनी लिहायचं.
आधी शूमानचा एक लहान तुकडा. मुन्शीजींनी लिहिलं, वाचून दाखवलं: एक मूल खिडकीशी बसलं आहे, बाहेर कोणी तरी निघून गेलं आहे.
मी भडकले. "मूल कुठून आलं? खिडकी कुठे आहे यात?"
सि. आ. असती तर बोटांवर पट्टी. सुरांना गोष्ट चिकटवणारी मुलगी तिला खपत नसे.
मुन्शीजी शांत. "बाईसाहेब, कोरा कागद दिला तर साहेब गठ्ठा चुलीत घालतील. तुम्ही सांगा, मी लिहितो. तुम्ही सांगत नाही, म्हणून मी ऐकतो ते लिहितो."
मी सांगितलं नाही. ते लिहीत राहिले.
शोपाँवर: हा माणूस घरापासून फार लांब आहे. मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.
डेब्यूसीवर: यात काही घडत नाही. फक्त पाणी आहे.
दोन्ही बरोबर. याचाही राग आला.
ब्राम्स काढला तेव्हा शिपाई नाव विचारून म्हणाला, "बामनाचं हाय व्हय? मग जाऊ द्या की." मुन्शीजी हसले. मीही. बऱ्याच दिवसांनी.

सोमवार, १८
हसणं संपलं.
अमीनाने सवालांचा कागद पाठवला होता. मुन्शीजींनी वाचला. सवाल चौथा: सुरांत अक्षरं लपवता येतात का?
येतात. शूमानने एका गावाचं नाव सुरांत घातलं आहे. ते पान त्याच गठ्ठ्यात होतं, माझ्या हाताखाली.
सि. आ.च्या वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलीला शिक्षा नसे. ती फक्त आपल्याकडे बघायची. ते बघणं मला बावन्नाव्या वर्षीही नको आहे.
"येतात," म्हटलं.
मुन्शीजींनी बोरू खाली ठेवला. "नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, बाईसाहेब. इथं कोण तपासणार होतं?"
"तुम्हाला चाललं असतं."
मग त्यांनी लिहिलं. शिपायाचं लक्ष नव्हतं, पण कागद अमीनाकडेच जाणार.
कोंडाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "लई शानपन केलं." जेवण वाढलं.

मंगळवार, १९
आज लिफाफा. शेवटचा कागद.
सि. आ.ची अक्षरं थरथरलेली, पण तिचीच. पत्र नाही. फक्त ब्राम्स, त्याच्या म्हातारपणचा एक संथ तुकडा. समोर पुस्तक नसताना, आठवून लिहिलेला. मला तो पाठ आहे. पंधरा वर्षं शिकवला, हैदराबादेत नबाबाच्या मुलींना, तिथून रिटायर होईपर्यंत.
वाजवायला लागले. दुसरं पान, मध्यावर. उभ्या रेघांमधले चार खण. डाव्या हाताचे सूर ब्राम्सचे नाहीत.
थांबले.
"थांबलात," मुन्शीजी म्हणाले.
"पान उलटायचं होतं."
पान मध्यावर होतं. त्यांना दिसत होतं. म्हणजे खोटं बोलले, तेही असलं फडतूस. काल एवढा तोरा मिरवून.
पुढे शेवटपर्यंत बरोबर. सूरन् सूर. फक्त ते चार.
त्यांनी कागद परत लिफाफ्यात घातला, मोहर लावली. जाताना म्हणाले, "चार खणांवर तुमची बोटं परक्या घरात शिरल्यासारखी झाली. मी ती एक ओळ कोरी ठेवतो. परवा साहेबांसमोर तुम्ही सांगा, मी उतरून घेईन."

बुधवार, २०
उद्या दहाला कचेरी.
त्या चार खणांतल्या सुरांना अक्षरं लावून पाहिली, जर्मन पद्धतीने, एका सुराला एक अक्षर. अर्धा शब्द लागतो, मग सुटतो. पुन्हा दुसरीकडून लावला, तर दुसराच अर्धा. काहीच नसेल.
सि. आ. सत्तरीची. विसरली असेल. पण बाकी तुकडा शाबूत आणि नेमके हेच चार?
विसरली असेल तर सही करता येते. गठ्ठे घरी. पण मग सि. आ.च्या डोक्यातून ब्राम्स गळायला लागला आहे, आणि हे मी साहेबांसमोर उर्दूत लिहवून घ्यायचं.
विसरली नसेल तर ती पूर्वीसारखी धडधाकट आहे, मला काही सांगते आहे. मग अमीन बरोबर, गठ्ठे चुलीत, आणि तिथे तिचं काय करतील कोण जाणे.
दोन्हींपैकी कशाची प्रार्थना करायची असते?

कोंडाबाई दारात येऊन, "उद्याचं लुगडं कोनचं?" राखी म्हटलं. ती म्हणाली, "हिरवं नेसा. राखी नेसलं की तुमी गुन्हेगार दिसता."

दुपारपासून ते चार खण आठवून वाजवते आहे. पाठ झाले. पहिल्यांदा चूक वाटली. दहाव्यांदा संशय. आता ब्राम्सचे मूळ चार वाजवले, तर तेच जरा रिकामे वाटले.
हे साहेबांना कुठल्या जबानीत सांगायचं?